मंडळी (चर्च) बदलायची तर आधी काय तपासायचं: शिकवण, उपासना की बाप्तिस्म्याचा दाखला?

निवांत_झरा (प्रश्न)

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

थोडक्यात मांडते. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी प्रेस्बिटेरियन मंडळीत झाला, पुढे दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वासाची कबुली देण्याचा विधी) राहूनच गेलं. नवऱ्याचा बाप्तिस्मा मोठेपणी, पेंटेकॉस्टल मंडळीत, पाण्यात बुडवून. आता दोघांनाही एकाच ठिकाणी रुजायचं आहे आणि ते या दोन्हींपैकीच असावं असा हट्ट नाही. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लूथरन, बॅप्टिस्ट अशी सगळी दारं उघडी ठेवली आहेत, गोंधळ त्यामुळेच आहे.

सुरुवात शिकवणीपासून करायची की उपासनेपासून? पाहुणे म्हणून जाऊ तिथे प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घ्यायचं की नाही? आमचे बाप्तिस्मे कुठे चालतात, कुठे पुन्हा घ्यावे लागतात? किती दिवस बघून ठरवावं?

‘येशू एकच, कुठेही जा’ हे उत्तर कृपया नको. ते खरं असलं तरी रविवारी सकाळी कुठे जायचं हे त्यातून कळत नाही.

शाई_आणि_टाक

नावांची यादी बाजूला ठेवा. नावांवरून निवडायला गेलात तर प्रत्येकाच्या पत्रकात तीच गोड वाक्यं वाचायला मिळतील. परंपरा खऱ्या अर्थाने वेगळ्या होतात त्या तीन जागी: शेवटचा शब्द कोणाचा, मेजावर (म्हणजे प्रभुभोजनात) काय घडतं आणि बाप्तिस्मा कोणाला द्यायचा. वाद्यं, झगे, मेणबत्त्या हे बहुतेक या तिन्हींतून येतं, नाहीतर नुसत्या सवयीचं असतं.

शास्त्र सगळेच मानतात. पण दोन प्रामाणिक माणसांनी एकच वचन दोन तऱ्हांनी वाचलं तर निवाडा कोण करणार? कॅथलिक धर्मसभेत शास्त्र, परंपरा आणि पोपसह बिशपांचा शिकवण्याचा अधिकार हे एकमेकांत गुंफलेले आहेत. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अचूकतेची व्याख्या केली, पण बाहेरच्यांना वाटतं तशी ती पोपच्या प्रत्येक वाक्याला लागत नाही. त्यानंतर त्या अधिकाराने केलेली घोषणा म्हणून १९५० ची, मरियेच्या स्वर्गोन्नयनाची (देहासह स्वर्गात घेतलं जाण्याची) घोषणा दाखवली जाते. ऑर्थोडॉक्स मंडळ्या (ग्रीक, रशियन वगैरे) ३२५ ते ७८७ या काळातल्या सात सार्वत्रिक परिषदा आणि बिशपांची सभा मानतात. सगळ्यांवर अधिकार चालवणारा एकच बिशप त्यांना मान्य नाही. लूथरनांकडे १५३० चा ऑग्सबर्गचा विश्वासांगीकार (श्रद्धेचं लेखी निवेदन) आहे, रिफॉर्म्ड आणि प्रेस्बिटेरियन परंपरेत १५६३ ची हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी आणि सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, अँग्लिकनांकडे एकोणचाळीस कलमं आणि १६६२ चं प्रार्थनापुस्तक. बॅप्टिस्ट आणि बऱ्याच स्वतंत्र मंडळ्यांत निर्णय स्थानिक सभासदांच्या सभेचा.

हे पुस्तकी वाटेल, म्हणून व्यवहारात असं विचारा: पाळक उद्या काही भलतंच शिकवू लागले तर दाद कोणाकडे मागायची? बिशपाकडे, वडीलमंडळाकडे की सभासदांच्या सभेत? तिन्ही उत्तरं चालण्यासारखी आहेत. ‘आमच्याकडे असं होतच नाही’ हे उत्तर मात्र चालण्यासारखं नाही.

आता मेज. १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक समोरासमोर बसले. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर जमलं. पंधराव्यात, प्रभुभोजनाच्या भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं खरं शरीर आणि रक्त असतं का, या एका प्रश्नावर फिसकटलं. कॅथलिक शिकवण म्हणते की तत्त्व पूर्ण बदलतं, बाहेरचं रूप तेवढं राहतं. ऑर्थोडॉक्स बदल मानतात, पण तो कसा होतो याची व्याख्या करायला जात नाहीत. लूथरनांच्या मते भाकर भाकरच राहते आणि तिच्यात, तिच्याबरोबर ख्रिस्ताचं शरीरही खरोखर असतं. कॅल्विन या धर्मसुधारकाच्या वाटेने जाणारे, म्हणजे रिफॉर्म्ड आणि प्रेस्बिटेरियन, म्हणतात की विश्वासणारा पवित्र आत्म्याच्या द्वारे ख्रिस्ताशी खराखुरा जोडला जातो. झ्विंग्लीच्या वाटेचे, म्हणजे आजचे बरेचसे बॅप्टिस्ट आणि स्वतंत्र मंडळ्या, ते स्मरण मानतात.

एवढं वाचायला वेळ नसेल तर उपासना संपल्यावर पाच मिनिटं जागेवर बसून राहा आणि उरलेल्या भाकरीचं काय होतं ते बघा. कॅथलिक चर्चमध्ये ती बंद पेटिकेत ठेवतात, जवळ दिवा जळत असतो, समोरून जाणारा गुडघा टेकतो, आणि त्यातूनच पुढे आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर (प्रभुभोजनाची पवित्र केलेली भाकर) नेलं जातं. ऑर्थोडॉक्स उपासनेनंतर डीकन (धर्मगुरूंचा साहाय्यक) किंवा धर्मगुरू प्याल्यातलं सगळं संपवतात, मग प्याला विसळून ते पाणीही पितात. अँग्लिकनांचं १६६२ चं पुस्तक सांगतं की पवित्र केलेलं उरलं तर ते चर्चबाहेर न नेता तिथेच आदराने संपवावं. अनेक बॅप्टिस्ट मंडळ्यांत उरलेले तुकडे आणि रस सरळ आवरून टाकतात, आणि त्यात कोणी अनादर मानत नाही, कारण त्यांच्या शिकवणीप्रमाणे तिथे दुसरं काही नव्हतंच. विश्वासांगीकारात लिहिलेलं आणि हात प्रत्यक्ष करतात ते जुळतं का, हेही इथेच कळतं. काही चर्चमध्ये जुळत नाही!

माझं मत स्पष्ट आहे: तुम्ही दोघांनी आधी मेजाचा प्रश्न सोडवावा. तिथे दोघांचं उत्तर एक आलं तर निम्मी यादी आपोआप गळते.

ओलीव_फांदी

वरचं सगळं बरोबर, पण क्रम मला पटत नाही. मेजाबद्दल आपण नक्की काय मानतो हे बऱ्याच जणांना तिथे काही महिने उभं राहिल्यावर कळतं, घरी बसून नाही. म्हणून जायचं कसं ते सांगते.

पाच ठिकाणी एकेक रविवार जाऊ नका, हाती फक्त पहिल्या दिवसाची छाप लागते. दोन निवडा: एक तुमच्या आजच्या परंपरेजवळची, एक तिच्याहून लांबची. प्रत्येक ठिकाणी सलग आठ रविवार तरी द्या. आठ अशासाठी की कित्येक प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट मंडळ्यांत प्रभुभोजन महिन्यातून एकदाच असतं, काही ठिकाणी त्याहूनही कमी. दोन-तीन वेळाच गेलात तर ते दिसायचंच नाही. शिवाय तेवढ्यात उपदेश करणारी माणसं बदलतात आणि एका चांगल्या वक्त्यावर भाळून निर्णय होत नाही. नाताळ आणि पुनरुत्थानाचा सण या हिशेबात धरू नका, त्या दिवशी सगळीच चर्च सुंदर दिसतात. आगमनकाळातला (नाताळाआधीचा) किंवा उपवासकाळातला (पुनरुत्थानाच्या सणाआधीचा) एखादा रविवार, एखादा बाप्तिस्मा, एखादी अंत्यविधीची उपासना आणि शक्य असेल तर वार्षिक सभा बघा. मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करतात की फक्त मागे राहिलेल्यांसाठी, हे अंत्यविधीत ऐकलंत की त्या परंपरेचं अर्धं धर्मशास्त्र हाती येतं.

वहीत दर रविवारी एवढंच लिहा: कोणता शास्त्रभाग वाचला आणि तो कोणी निवडला. कॅथलिक, अँग्लिकन, लूथरन आणि बऱ्याच मेथडिस्ट मंडळ्यांत वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात: येशूच्या जीवनावरच्या चार शुभवर्तमानांपैकी एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान अधूनमधून, विशेषतः सणांच्या काळात. ऑर्थोडॉक्सांचं चक्र एका वर्षाचं. पाळक स्वतः भाग निवडत असतील तर आठ आठवड्यांची यादी समोर मांडा. जुना करार किती वेळा आला? चारपैकी एखाद्या शुभवर्तमानातलं सलग वाचन झालं का? की दर आठवड्याला वचन वेगळं आणि विषय तोच? ठरलेल्या चक्रात अवघड भाग टाळता येत नाहीत हा फायदा. तोटा असा की एखादं पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत समजावून घेणं होत नाही. अध्यायामागून अध्याय उपदेश करण्याची रिफॉर्म्ड मंडळ्यांतली रीत तिथे सरस ठरते.

पाहुणे म्हणून प्रभुभोजनाचं असं आहे. कॅथलिक मिस्सामध्ये (प्रभुभोजनाच्या उपासनेत) तुम्ही दोघांनी ख्रिस्तशरीर घ्यायचं नसतं. प्रॉटेस्टंटांना ते मरणाच्या धोक्यात किंवा तशाच गंभीर गरजेत, तेही अटी पाळूनच देता येतं. रांगेत जाऊन छातीवर हात आडवे धरले की आशीर्वाद देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, पण सगळीकडे नाही, तेव्हा आधी विचारा किंवा जागेवर बसून राहा. कोणी वाईट मानत नाही. ऑर्थोडॉक्सांकडेही फक्त त्यांच्याच सभासदांना. मात्र शेवटी आशीर्वाद दिलेली भाकर वाटतात, ती प्रभुभोजनाची नसते आणि बहुतेक ठिकाणी पाहुण्यांनाही देतात. दिली तर घ्या. अँग्लिकन मेजावर इतर मंडळ्यांतल्या बाप्तिस्मा झालेल्यांचं साधारणपणे स्वागत असतं. मेथडिस्टांचं मेज सगळ्यांत मोकळं. लूथरनांत नावावर जाऊ नका: अमेरिकेतल्या मिसूरी सिनडसारख्या मंडळ्या फक्त शिकवणीत एकमत असलेल्यांना देतात, इतर काही सगळ्या बाप्तिस्मा झालेल्यांना. बॅप्टिस्टांत दोन्ही प्रकार सापडतात.

ऑर्थोडॉक्स उपासनेला जाल तेव्हा दीड-दोन तास उभं राहायची तयारी ठेवा. बाकं असतीलच असं नाही. पहिल्यांदा पुस्तकात बोट ठेवून मागोमाग जायचा प्रयत्न करू नका, नुसतं बघा. आणि ‘ऑर्थोडॉक्स’ म्हणजे एक कुटुंब नाही हेही लक्षात असू द्या. ग्रीक, रशियन, रुमेनियन वगैरे एका बाजूला. कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियन, इथिओपियन दुसऱ्या बाजूला, ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेपासून वेगळे. दिसायला जवळची असली तरी ही दोन्ही कुटुंबं सहसा एका मेजावर येत नाहीत.

पेंटेकॉस्टल मंडळीत आवाजावरून मत बनवू नका, म्हणजे बरं आणि वाईट दोन्ही. दोन गोष्टी विचारा. अन्य भाषांत (प्रार्थनेत न शिकलेल्या भाषेत) बोलणं हा पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा आवश्यक पुरावा मानता का? जुन्या पेंटेकॉस्टल संप्रदायांत हो, बऱ्याच नव्या करिश्माई (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) मंडळ्यांत नाही. दुसरं, प्रार्थना करूनही जो बरा झाला नाही त्याला काय सांगता? ‘विश्वास कमी पडला’ असं सरळ उत्तर आलं तर आजारपणात तुमचं तिथे काय होईल ते समजा.

नोंदवही_जुनी

बाप्तिस्मा आणि कागदपत्रांवर बोलतो, कारण लोक हे शेवटी बघतात आणि तिथेच अडतात.

सर्वसाधारण नियम असा: पाणी आणि ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने’ ही शब्दरचना या दोन गोष्टी असल्या तर कॅथलिक, अँग्लिकन, लूथरन, प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट तो बाप्तिस्मा मानतात आणि पुन्हा देत नाहीत. शिंपडलं की बुडवलं, वय किती होतं, याने तिथे फरक पडत नाही. म्हणजे ताई, तुमचा तान्हेपणीचा बाप्तिस्मा या सगळ्या ठिकाणी चालेल.

नवऱ्याच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आजच विचारून घ्या: पाण्यात उतरवताना पाळकांनी नेमके कोणते शब्द उच्चारले? पेंटेकॉस्टलांत एक प्रवाह ‘येशूच्या नावाने’ एवढंच म्हणून बाप्तिस्मा देतो आणि त्रैक्याची (देव एकच, पण पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा तिघांत) शिकवण नाकारतो. असेम्ब्लीज ऑफ गॉड १९१४ मध्ये उभी राहिली आणि दोनच वर्षांत, १९१६ मध्ये, याच प्रश्नावर फुटली. मूळ संस्थेने त्रैक्य धरून ठेवलं, बाकीचे बाहेर पडले. ‘पेंटेकॉस्टल’ या पाटीवरून कोणता प्रवाह ते कळत नाही. शब्द त्रैक्याचे असतील तर काहीच अडचण नाही. फक्त येशूच्या नावाने झाला असेल तर कॅथलिक तो वैध धरत नाहीत. शंका असेल आणि चौकशी करूनही मिटत नसेल, तर ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ अशी अट उच्चारून सशर्त बाप्तिस्मा देतात. म्हणून त्या मंडळीकडून तारीख, ठिकाण, बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव आणि उच्चारलेले शब्द असलेलं पत्र मागून घ्या. मंडळी बंद पडली असेल तर त्या वेळी हजर असलेल्या एखाद्या साक्षीदाराचं लेखी निवेदनही उपयोगी पडतं. फोटो चालत नाही, फोटोत शब्द ऐकू येत नाहीत.

बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत उलट आहे: नवऱ्याचा चालेल, तुमचा नाही. त्यांच्या दृष्टीने तो ‘दुसरा’ बाप्तिस्मा नसतोच, पहिलाच. पण तुमच्या आजच्या मंडळीच्या दृष्टीने तो आधीचा नाकारणं होतो. थोड्या बॅप्टिस्ट मंडळ्या विश्वासाच्या साक्षीवरही सभासद करून घेतात, तेव्हा थेट विचारा. ऑर्थोडॉक्सांकडे बिशपप्रमाणे रीत बदलते: बऱ्याच ठिकाणी पवित्र तेलाचा अभिषेक करून घेतात, काही ठिकाणी पूर्ण बाप्तिस्मा देतात. क्वेकर आणि साल्व्हेशन आर्मी या दोघांत पाण्याचा बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच नाहीत, हे बऱ्याच जणांना आत गेल्यावर कळतं.

प्रवेशाची वाट: कॅथलिकांकडे आधीच बाप्तिस्मा झालेल्याने धर्मशिक्षण, पापनिवेदन, विश्वासाची जाहीर कबुली, दृढीकरण आणि पहिलं ख्रिस्तशरीर अशा क्रमाने यायचं. कधी घ्यायचं हे तयारीवर ठरतं, पुनरुत्थानाच्या रात्रीसाठी थांबलंच पाहिजे असं नाही. अँग्लिकनांकडे बिशपाच्या हातून दृढीकरण. लूथरनांकडे साधारणपणे १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीवर आधारलेले वर्ग. प्रेस्बिटेरियनांकडे वडीलमंडळापुढे विश्वासाची कबुली, जी तुमची राहून गेली आहे आणि ती आजही देता येते.

लग्नाचं विसरू नका. तुमच्यापैकी कोणीच कॅथलिक नव्हतं, तेव्हा दोन बाप्तिस्मा झालेल्या प्रॉटेस्टंटांचं लग्न कॅथलिक धर्मसभा वैध धरते, पुन्हा लावावं लागत नाही. पण दोघांपैकी कोणाचं आधी लग्न होऊन घटस्फोट झाला असेल तर आत घेण्याआधी ते प्रकरण धर्मन्यायालयापुढे जातं, आणि त्याला वेळ लागतो. ते पहिल्याच भेटीत फादरना सांगा. सहा महिने वर्गाला जाऊन मग सांगणारे लोक स्वतःलाच त्रास करून घेतात. ऑर्थोडॉक्स परंपरा सवलत म्हणून दुसरं आणि क्वचित तिसरं लग्न मान्य करते, त्यापुढे नाही.

निवांत_झरा

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला विचारलं, शब्द त्रैक्याचेच होते, पत्र मागवतोय.

आता खरी अडचण. मला ठरलेली प्रार्थना, शांतता आणि दर रविवारी प्रभुभोजन हवं आहे. त्याला उत्स्फूर्त प्रार्थना हवी, आणि मरिया व संतांना विनवणी करणं त्याला अजिबात पटत नाही. दोघांचं जुळलंच नाही तर दोन वेगळ्या ठिकाणी जावं का? मुलं अजून नाहीत, पण होतील तेव्हा?

शाई_आणि_टाक

मरियेच्या बाबतीत नवऱ्याचा आक्षेप नेमका कशाला आहे ते आधी वेगळं करा, कारण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक, तिला देवमाता म्हणणं. हे ४३१ च्या इफिस परिषदेचं आहे आणि लूथरनेही मानलं होतं. यावर आक्षेप असेल तर तो खरं तर ख्रिस्ताबद्दलचा प्रश्न ठरतो, कारण परिषदेत वाद चालला होता तो ख्रिस्त कोण यावर. दोन, तिला आणि संतांना ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणणं. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स दोघेही म्हणतात की आराधना फक्त देवाची, संतांचा आदर, आणि ही सीमा ७८७ च्या परिषदेने आखून दिली. अँग्लिकनांच्या बाविसाव्या कलमाने संतांना विनवणं नाकारलं आहे, तरी काही अँग्लिकन चर्चमध्ये ते आजही सर्रास चालतं. तीन, तिच्याविषयीचे बंधनकारक सिद्धांत: निष्कलंक गर्भसंभव (मरिया गर्भात आली तेव्हापासून मूळ पापापासून मुक्त) १८५४ आणि स्वर्गोन्नयन १९५०. हे फक्त कॅथलिकांचे. ऑर्थोडॉक्स मरियेच्या निद्रेचा (म्हणजे मृत्यूचा) मोठा सण पाळतात, पण १८५४ चा सिद्धांत मानत नाहीत.

आक्षेप फक्त तिसऱ्याला असेल तर ऑर्थोडॉक्स वाट उघडी आहे. दुसऱ्यालाही असेल तर कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स दोन्ही यादीतून काढा, उगाच कोणाला ओढून नेऊ नका. ‘आत गेल्यावर त्याला पटेल’ या भरवशावर दृढीकरण घेतलेली जोडपी वर्षभरात मागच्या बाकावर दिसतात, मग दिसेनाशी होतात.

तुमच्या दोघांच्या मधली जागा मला लूथरन किंवा अँग्लिकन वाटते. ठरलेली प्रार्थना, बऱ्याच ठिकाणी दर रविवारी प्रभुभोजन, आणि मेजाबद्दल ठोस शिकवण. करिश्माई धाटणीची अँग्लिकन चर्चही पुष्कळ आहेत, तिथे प्रार्थनापुस्तक आणि उत्स्फूर्त प्रार्थना एकाच उपासनेत असतात. पण सावध असा: अँग्लिकन परंपरेत दोन शेजारच्या चर्चमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, म्हणून तिथे परंपरा नव्हे तर ते एक चर्च निवडावं लागतं, आणि पाळक बदलले की पुन्हा बघावं लागतं. संयुक्त मंडळ्याही विसरू नका. १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सहा परंपरा एकत्र आल्या आणि तिच्या घटनेत तान्ह्या मुलांचा आणि विश्वास सांगणाऱ्या प्रौढांचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य आहेत. तुमच्या जोडीला ही रचना कागदावर तरी मापाची आहे.

ओलीव_फांदी

दोन वेगळ्या ठिकाणी जाण्याबद्दल: चालतं, पण रविवारी सकाळी कोण कुठे यावर नाही, मुलांवर अडतं. बॅप्टिस्ट मंडळीत बाळासाठी फक्त समर्पणाची प्रार्थना होते, मूल स्वतः मागेल तेव्हा बाप्तिस्मा. ऑर्थोडॉक्सांकडे तान्ह्या बाळाला बाप्तिस्म्याबरोबरच अभिषेक आणि प्रभुभोजनही मिळतं. लॅटिन (पाश्चात्य रीतीच्या) कॅथलिकांत पहिलं ख्रिस्तशरीर साधारण सात वर्षांच्या सुमारास. दोघांपैकी एकजण कॅथलिक झाला तर लगेच काही वचन द्यावं लागतं असं नाही, कारण ते वचन मिश्र विवाहाच्या परवानगीवेळी घेतात. पण मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्याचं कर्तव्य त्याच्यावर येतंच. म्हणून बाळाच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न आज सोडवा, मूल झाल्यावर दोन आज्या, दोन पाळक आणि तुम्ही दोघं असे सहा जण त्या चर्चेत असतील.

तात्पुरती सोय हवी असेल तर एक रविवार एकाचं चर्च, दुसरा दुसऱ्याचं असं फिरत बसू नका, दोन्हीकडे पाहुणेच राहाल. एकच उपासना दोघांची ठेवा, आणि दुसऱ्याची गरज आठवड्यात भागवा: त्याच्यासाठी बुधवार-शुक्रवारची प्रार्थनासभा, किंवा तुमच्यासाठी घरी सकाळ-संध्याकाळ प्रार्थनापुस्तक. प्रार्थनापुस्तक पाळायला सभासद असावं लागत नाही. एक स्तोत्र, एक शास्त्रभाग, प्रभूची प्रार्थना, एवढ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. सुरुवातीलाच पूर्ण क्रम उचललात तर तिसऱ्या आठवड्यात सुटतो.

नोंदवही_जुनी

निघण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून एवढं.

परत न घेता येणाऱ्या गोष्टी सगळ्यांत शेवटी करा: दुसरा बाप्तिस्मा, दृढीकरण, तेलाचा अभिषेक. वर्गांना जाणं, उपासनेला येणं, दानपेटीत टाकणं यातलं काही तुम्हाला बांधत नाही, आणि चांगले पाळक वर्ग चालू असताना ‘थांबा’ म्हणायची मुभा देतात. तारीख पुढे ढकलल्यावर जो पाळक रागावतो, तो पुढेही रागावेल.

जुनी मंडळी सोडताना सभासदत्वाचं बदलीपत्र मागा. प्रेस्बिटेरियन आणि बॅप्टिस्टांत ही नेहमीची रीत आहे, पाळक सोडणाऱ्याला नव्या मंडळीच्या नावे शिफारस देतात. कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स होणार असाल तर हे पत्र लागत नाही, बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, आणि तो जुन्या कपाटातला नको, नोंदवहीतून नव्याने काढलेला. नवऱ्याच्या पत्रावर मंडळीचा शिक्का आणि सही असू द्या. नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं ओळखपत्राशी अक्षरशः जुळतात का ते घेतानाच बघा. ‘जोसेफ’ आणि ‘योसेफ’ एवढ्या फरकावरही दाखला परत पाठवतात.

आणि मंडळी कुठल्याही परंपरेची असो, सभासद होण्याआधी गेल्या वर्षीचा जमाखर्च बघायला मागा. जिथे सभासदांची सभा असते तिथे तो मांडलेलाच असतो, जिथे बिशप असतात तिथे चर्चच्या समितीकडे मिळतो. दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) सक्तीचा आहे का, पाळकांचा पगार कोण ठरवतं, आणि मुलांच्या वर्गात एकटा माणूस मुलांबरोबर थांबू शकतो का, हेही त्याच भेटीत विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी नियम दाखवून मिळालं पाहिजे.